नैनाचं सामान

माझ्या संसारात आजवर एकदाच बैठक बसली, आणि ती ज्या बाईवरून बसली ती बाई या जगात नाही. म्हणजे वारली वगैरे नाही. ती कधी नव्हतीच!

आमच्या नात्यागोत्यात नवराबायकोचं बिनसलं की कोणी चौकीत जात नाही, वकिलाकडे तर नाहीच नाही. दोन्हीकडची वडीलधारी माणसं हॉलमध्ये सतरंजीवर बसतात. आधी पाणी, मग पोहे, मग तक्रार. या बैठकांमधला मी मुरलेला माणूस. देऊळगाव राजात माझा फोटो स्टुडिओ आहे आणि तालुक्यातली निम्मी लग्नं मी कॅमेऱ्यातून पाहिलेली आहेत. त्यामुळे पुढे काही वाजलं की मला साक्षीला बोलावतात. "लग्नात त हे दोघं चांगले हासून राह्यलते नं हो?" असं विचारतात. ('हसा' असं मीच ओरडलेलो असतो, हे मी सांगत नाही.) बैठकीचा एक नियम तर मीच कडक करून ठेवला होता: ज्याच्या घरची बैठक, त्यानं विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. या नियमाचा मला फार अभिमान होता.

होता.

माझी बायको वनिता इथल्या दवाखान्यात सिस्टर आहे. गावात माझं नाव सुधाकर आहे हे फार थोड्यांना माहीत. बाकी सगळ्यांसाठी मी 'सिस्टरचे मिस्टर'. तर या सिस्टरला बढती आली. इन्चार्ज सिस्टर! फक्त जागा मलकापूरला. म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या या टोकाहून थेट त्या टोकाला. रोज जाणं-येणं शक्यच नाही, तिथं खोली करावी लागणार. सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. नाहीतर बढती पुढच्या नावाला जाणार.

"तुमचं काय म्हणणं हाय?" तिनं विचारलं.

"पाहू," मी म्हणालो.

"जाचं का नाही ते मी ठरवीन. पण तुमचं म्हणणं मले ऐकाचं हाय."

"हाव नं. पाहू."

'पाहू' हा माझा जुना, विश्वासू शब्द. घराला रंग कोणता, पाहू. पोरीला पुण्याला पाठवायचं का, पाहू. पाहता पाहता रंग लागून जातो, पोरगी पुण्याला पोचते, आणि आपण कशालाच नाही म्हटलेलं नसतं! या वेळी मात्र वनितानं काहीच ठरवलं नाही. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. जेवताना बघायची, चहा देताना बघायची. एक्स-रे काढल्यासारखी.

त्यातच आमची प्रज्ञा पुण्याहून दोन दिवस आली. ती कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. लग्नसराई संपलेली, स्टुडिओत माशा मारत बसलो होतो, तर तिनं माझ्या मोबाइलमध्ये एक गेम टाकून दिला.

"पप्पा, हे खेळा. कोडी आहेत. मधे मधे गोष्ट पण आहे. मॅच्युअर रिलेशनशिपची."

मी उठून आधी काचेचा दरवाजा लावला. "प्रज्ञे, बापाला असलं काही देतात का बे?"

"अहो, मॅच्युअर म्हणजे तुमच्या वयाची माणसं! केस पिकलेत, गुडघे दुखतात, एकमेकांशी धड बोलत नाहीत."

"मग त्यात खेळण्यासारखं काय आहे?"

"खेळा तर खरं."

खेळलो. आणि अडकलो!

गेम हिंदीत होता. त्यात एक घर. नवरा म्हणजे आपण, तो दिसत नाही. (हे बरं होतं. निदान पोट दिसत नव्हतं.) बायको दिसते. नैना तिचं नाव. पिकत आलेले केस, चष्मा, शांत चेहरा. तिला दुसऱ्या शहरात काम लागलंय आणि ती निघालीय. एकेका खोलीतलं तिचं सामान आपण फिरवून-वळवून खोक्यांत बसवायचं, हे कोडं. खोकं भरलं की नैना समोर येऊन विचारते, 'तुम क्या कहते हो?' खाली तीन बटणं: 'जाओ', 'मत जाओ' आणि 'देखते हैं'.

आता माझ्यासारखा माणूस कोणतं बटण दाबणार? 'मत जाओ' म्हणायला धीर लागतो, 'जाओ' म्हणायला त्याहून जास्त. मी प्रत्येक खोलीत 'देखते हैं' दाबत शेवटच्या खोलीपर्यंत आलो. तिथं घोडं अडलं. सगळं सामान बसायचं, एक टेबल लॅम्प उरायचा. नैनाच्या वडलांनी दिलेला. तो काही केल्या खोक्यात बसेना! आणि मी 'देखते हैं' म्हटलं, की नैना एक सुस्कारा टाकायची आणि खोक्यातलं सगळं सामान परत जमिनीवर यायचं.

मला वाटलं, चूक लॅम्प ठेवण्याच्या पद्धतीत आहे. माणसानं एकदा असं ठरवलं की मग त्याला कोणी वाचवू शकत नाही!

मी जिद्दीला पेटलो. अल्बमच्या पुठ्ठ्यातून नैनाचं सगळं सामान कापून काढलं. छोटी शिलाई मशीन, छोटा कुकर, छोटा लॅम्प. थर्माकोलचं खोकं केलं. पासपोर्ट फोटोला आलेलं गिऱ्हाईक स्टुलावर कान दाखवत ताटकळायचं आणि मी काउंटरखाली भातुकली मांडून बसायचो. लोक पलीकडच्या स्टुडिओत जायला लागले. जाऊ देत! तिकडे एका बाईचा संसार मोडायच्या बेतात होता आणि यांना फोटो हवेत!

"मलकापूरचं काय ठरवलं?" वनिता विचारायची.

"पाहू. आधी हा लॅम्प बसू दे."

ती नैनासारखाच सुस्कारा टाकायची. तो सुस्कारा आपण आधी कुठंतरी ऐकलाय एवढं मला जाणवायचं. पण कुठं, हे काही आठवायचं नाही.

आला रविवार. दुसऱ्या दिवशी वनिताला कळवायचं होतं. ती सकाळच्या ड्युटीला गेली आणि मी ठरवलं, आज या लॅम्पचा निकाल लावायचाच. पुठ्ठ्याचं सामान खोटं असतं, वजनाचा अंदाज येत नाही. खरं सामान पाहिजे! मी माळ्यावरून वनिताची लोखंडी पेटी काढली. तिची शिलाई मशीन आणली. कुकर आणला. स्वेटर, चादरी, चपला, डब्यांचा संच आणि तिचा टेबल लॅम्प, ज्याच्या उजेडात तिनं नर्सिंगच्या परीक्षेचा अभ्यास केला तो. नैनाच्या खोलीत जे जे होतं ते ते मी हॉलमध्ये मांडलं, आणि गुडघ्यांवर बसून पेटी भरायला लागलो.

तेवढ्यात माझी थोरली बहीण, आक्का, मागच्या गल्लीतून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर घेऊन आली. दारातच थबकली.

"का रे सुध्या? वनिताचं सामान काऊन भरून राह्यला?"

"वनिताचं नाही, आक्का," मी मान वर न करता म्हणालो. "नैनाचं आहे असं समज."

"नैना कोण?"

"आहे एक. लय चांगली बाई आहे. सोडून जाते म्हणते. पण मी जाऊ देणार नाही! काहीही होऊ दे!"

आक्का भाकर उंबऱ्याजवळ ठेवून गेली. आमची आक्का गप्प बसून निघून गेली, यावरूनच मी सावध व्हायला पाहिजे होतं. पण माझा एक हात कुकरमध्ये होता.

लॅम्प याही पेटीत बसेना. तेव्हा मला मेहकरचे उत्तमदादा आठवले. वनिताचे थोरले भाऊ. त्यांचे दोन टेम्पो आहेत, घरंच्या घरं हलवतात. मी फोन लावला.

"दादा, बाईमाणसाचं सामान भरताना जड वस्तू आधी का नाजूक?"

"जड खाली, नाजूक वर. काऊन? कोणाचं सामान हाय?"

"बायकोचं." (गेममधला नवरा मीच असल्यानं हे उत्तर माझ्या मते अगदी बरोबर होतं.)

"कोठी चालली ते?"

"कुठं ते धड सांगत नाही. मोठ्या शहरात कुठंतरी. थांबवून राह्यलो तर आयकत नाही. सुस्कारे टाकते नुसती."

मग दादांचा आवाज एकदम हळू झाला. "पाव्हणे, भांडण झालं का?"

"भांडण कायचं? ती बोलतच नाही, दादा. पण आज मी निकाल लावतो. आता माघार नाही!"

"तठीच थांबा. कायी करू नका. मी येऊन राह्यलो."

मला गहिवरून आलं. काय माणूस आहे! एका कोड्यासाठी मेहकरहून येतोय!

दुपारी दारात जीप थांबली. उत्तमदादा उतरले. वत्सलावहिनी उतरल्या. आणि मागून, काठी टेकत, किसनमामा उतरले. हे वनिताचे मामा, त्यांच्याकडच्या सगळ्या बैठकांचे प्रमुख. एका गेमसाठी एवढी माणसं जरा जास्तच वाटली. तेवढ्यात मागच्या दारानं आक्का आली. हातात पोह्यांचं पातेलं.

सतरंजी अंथरली गेली. पाणी फिरलं. पोहे फिरले. मला मधोमध बसवलं. ही बैठक होती, आणि ती माझी होती!

"मामा, जरा ऐका..."

किसनमामांनी काठी आपटली. "इच्यारल्याबिगर बोलाचं नाही. नेम कोणाचा हाय?"

"माझाच."

"मंग!"

तक्रारी सुरू झाल्या. आक्कानं पदर कमरेला खोचला. "यानं दुसरी पाह्यली. नैना नाव हाय तिचं. मह्या तोंडावर म्हणला, लय चांगली बाई हाय, तिला जाऊ देणार नाही!"

"मले म्हणले, बायकोचं सामान भरून राह्यलो, आज निकाल लावतो," दादा म्हणाले. "माही बहीण ड्युटीवर, अन् इकडं यायनं पेटी भरली!"

सगळ्यांनी पेटीकडे पाहिलं. पेटी इतकी सुबक भरलेली होती की पुरावा म्हणून तिच्यात खोट काढायला जागाच नव्हती. मी हात वर केला. काठी आपटली. मी हात खाली घेतला. हा नियम कोणत्या गाढवानं केला असेल, असा विचार मनात आला आणि मी तो लगेच मागे घेतला.

"आता इच्यारतो," किसनमामा शेवटी म्हणाले. "हे नैना कोण?"

"मोबाइलमधली बाई आहे!"

"मोबाइलवरच जमलं? कोण्या गावची हाय?"

"गावची नाही हो! गेम आहे. कोडं आहे. खोटी बाई आहे ती!"

"पहिले पहिले सगळे खोटीच म्हणतात," वहिनी म्हणाल्या.

मी मोबाइल काढला आणि मामांच्या हातात दिला. मामांनी चष्मा लावला. मोबाइल दादांकडे गेला, दादांकडून आक्काकडे, आक्काकडून वहिनींकडे. वहिनींनी नैनाकडे बराच वेळ पाहिलं.

"अगं बाई! हिचे त केस पिकले," त्या म्हणाल्या. आवाजात चक्क निराशा होती. "एवढं मेहकरहून आलो, अन् हे!"

मला वाटलं सुटलो. पण आमची माणसं एकदा सतरंजीवर बसली की कोणाचा तरी निकाल लावल्याशिवाय उठत नाहीत. पोहे खाल्लेले होते. जीपचं डिझेल जळलं होतं. किसनमामांनी पुन्हा चष्मा लावला.

"बरं. या बाईचं म्हणणं काय हाय?"

"नोकरी लागली, जाते म्हणते," मी सांगितलं.

"अन् तुमी काय म्हणले?"

"देखते हैं."

"म्हंजे?"

"पाहू."

"हे काय म्हणणं झालं? कितीक डाव म्हणले?"

"दरवेळी."

मामांनी दादांकडे पाहिलं. दादांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी कपाळाला हात लावला.

"'मत जाओ' दाबा. बाईमाणसानं एकलं काऊन राहावं?" दादा म्हणाले.

"'जाओ' दाबा," वहिनी म्हणाल्या. "मोठी झाली, नोकरी लागली, तिले समजत नाही का?"

"लॅम्प बसल्याशिवाय काहीच दाबायचं नाही!" मी ओरडलो. मी अजून जिद्द सोडलेली नव्हती. "आधी लॅम्प बसवा!"

"वा वा!" वहिनी भडकल्या. "सामान तिचं, नोकरी तिची, अन् बटन तुमच्या हाती!"

आणि नेमकी या वाक्याला वनिता दारात येऊन उभी राहिली. पांढरा युनिफॉर्म, हातात डबा. तिनं दारातल्या चपला पाहिल्या. भाऊ पाहिला, मामा पाहिले, पोह्यांचं पातेलं पाहिलं. मग तिची नजर पेटीवर थांबली.

"माही पेटी कोणं भरली?"

कोणी बोलेना. मला तर परवानगीच नव्हती.

ती पेटीजवळ बसली. कुकरमध्ये ठेवलेल्या वाट्या पाहिल्या. मशीनला गुंडाळलेली चादर पाहिली. स्वेटरमध्ये जपून ठेवलेला तिचा थर्मामीटर पाहिला. "एवढी मले भरता आली नसती," ती हळूच म्हणाली. "बोलले कायीच नाही, अन् सगळं भरून ठेवलं. दादालेबी बोलावलं मले सोडाले."

दादांनी तोंड उघडलं. वहिनींनी त्यांना कोपरानं ढोसलं. दादांनी तोंड मिटलं.

खरं काय ते सांगायला मी हात वर केला. किसनमामांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी काठी आपटली नाही.

"बोला पाव्हणे. आता इच्यारतो. तुमचं म्हणणं काय हाय?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. वनिताही. तसंच, एक्स-रेसारखं. आणि तेव्हा, पन्नाशी उलटल्यावर, माझ्या डोक्यात प्रकाश पडला की तो सुस्कारा मी कुठं ऐकला होता! जिभेवर 'पा' आला होता. ओठ मिटलेसुद्धा होते. मी तो 'पा' गिळला. पोह्याच्या घासासारखा घशात अडकला, पण गिळला.

"जाय," मी म्हणालो. मग धीर करून पुढचंही म्हणालो. "मले करमणार नाही. पण तू जाय."

वनितानं मान खाली घातली. मग नाक पुसून ती नेहमीच्या सिस्टरच्या आवाजात म्हणाली, "पेटी लावा. अन् हा लॅम्प काऊन भायेर राह्यला?"

"बसत नाही," मी म्हणालो. "सगळं करून पाह्यलं."

"पेटीत कायले घालता? काच फुटन त्याची. हा मी हातात नेते."

वहिनींच्या हातात अजून माझा मोबाइल होता. त्यांनी मला न विचारता 'जाओ' दाबलं. पडद्यावर नैना हसली. पहिल्यांदाच! खाली वाकून तिनं तो लॅम्प उचलला, काखेत धरला आणि दाराबाहेर गेली. मागे सगळी खोकी आपोआप बंद झाली. गेम संपला. जी वस्तू ती हातात नेणार होती, ती पेटीत कोंबायला मी माझा धंदा बसवला होता!

वनिता मलकापूरला रुजू झाली. मी पहिल्या शनिवारी गेलो. दवाखान्यात तिनं माझी ओळख करून दिली, "हे आमचे मिस्टर. माही पेटी यायनंच भरून देली." सगळ्या सिस्टर माझ्याकडे कौतुकानं पाहू लागल्या. त्यांच्यातल्या एकीनं तर फोन करून आपल्या नवऱ्याला माझं उदाहरण दिलं. मी नम्रपणे मान झुकवली. (दुसरं काय करणार?)

खोलीवर आल्यावर मात्र मला राहवेना. "वनिता, ती पेटी मी तुझ्यासाठी..."

"माहीत हाय. नैनासाठी भरली," ती चहा गाळत म्हणाली. "आक्काचा सकाळीच दवाखान्यात फोन आल्ता, 'तुया नवऱ्यानं दुसरी केली' म्हणून. आमी साऱ्या सिस्टर हासून हासून बेजार!"

"म्हणजे तुला नैना ठाऊक होती?"

"गेम कोणता टाकाचा ते प्रज्ञीले मीच सांगतलं. मले वाटलं, दुसऱ्या-तिसऱ्या खोलीत तरी उत्तर देसान. प्रज्ञी म्हणे, कॉलेजचे पोरं एका दुपारी संपवतात." तिनं कप माझ्यापुढे ठेवला. "भरेल पेटी दिसली, म्हणलं आता सोडाचं नाही."

त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं: यापुढे 'पाहू' बंद. विचारलं की उत्तर. छातीठोक!

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. "या शनिवारी येता का? माही ड्युटी बदलते का काय त..."

"येतो!" मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"अवो, आयका त..."

"ऐकायचं काही नाही! येतो म्हणजे येतो!"

आणि फोन ठेवला. काय सुख असतं निश्चयात! शनिवारी एसटीत बसलो, चिखली गेलं, बुलढाणा गेलं, घाट उतरलो, आक्कानं दिलेल्या कळण्याच्या भाकरी सांभाळत मलकापूरला तिच्या खोलीशी पोचलो. दाराला कुलूप. फोन लावला.

"कोठी हा तुमी?" वनितानं विचारलं.

"तुझ्या दारात. तू?"

"तुमच्या घरात! सुट्टी भेटली म्हणून मी इकडं आली. तेच सांगून राह्यलती त फोन ठेवला!"

मी पायरीवर बसलो. भाकरींची पिशवी मांडीवर घेतली. जिल्ह्याच्या या टोकाला मी, त्या टोकाला ती, आणि आमच्या दोन एसट्या चिखलीच्या आसपास एकमेकींना हॉर्न देऊन गेल्या असणार.

"आता काय करता?" तिनं विचारलं.

मी खूप विचार केला. एकच उत्तर शिल्लक होतं.

"पाहू," मी म्हणालो.